निवायला ठेवलेलं पाणी

रमजान दरवर्षी थोडा मागं सरकतो, चैत्र आपला जागेवर राहतो. यंदा मोशीच्या चौकातल्या किराणा दुकानात चायना ग्रासच्या जुड्या लागल्या, तेव्हा सकाळी शाळेत जाताना मला अजून स्वेटर घालावं लागत होतं. पांढऱ्या, हलक्या, वाळल्या गवतासारख्या जुड्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काढून ठेवू का? तुम्ही नेता ना दरवर्षी."

मी दरवर्षी नेत नाही. एकाच वर्षी नेल्या होत्या, पण इतक्या, की त्याच्या लक्षात राहिलं.

त्या वर्षी रमजान आणि चैत्र एकत्र आले होते. आता ते एकमेकांपासून लांब गेलेत, आणि माझ्या आठवणीचे उगाच दोन तुकडे झालेत. थंडी सरता सरता एक येतो. मग होळी होते, ऊन पांढरं पडायला लागतं, नववीच्या पेपरांना पंख्याखाली बसलेली मुलं पाण्याच्या बाटल्या गालाला लावतात, आणि दुसरा येतो. वर्गात पहारा करताना मी खिडकीशी उभी राहते. बाहेर डांबरी रस्त्यावर पाणी सांडल्यासारखं दिसत असतं. मुलांना मीच शिकवते, की ते पाणी नसतं.

आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे मोशीचेच. भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात भट्टीवर कामाला होते, आणि शिफ्ट सुटली की इंद्रायणीकाठच्या रानात. पुढं रान गेलं, तिथं इमारती आल्या. त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात बाई म्हणून मी एकटीच, आणि आबा त्या गोष्टीला फार जपून असायचे. स्वयंपाकघराकडं यायचं झालं तर आधी खाकरायचे. ताटावर बसले की मान खाली. इतक्या वर्षांत आमचं बोलणं "भाजी वाढू का?" आणि "बास" यापलीकडं फारसं गेलं नव्हतं. आमच्याकडं त्याला मान म्हणतात, आणि आम्ही दोघंही तो मनापासून देत होतो.

होळीनंतर एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून कपबशी सुटली. त्यांनी खाली फुटलेल्या बशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काहीतरी बोलले, पण शब्द ओठातून वाकडे बाहेर आले. त्या बशीचे तुकडे मी दवाखान्यातून परत आल्यावर गोळा केले. चहा वाळून फरशीला चिकटला होता.

अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला. बोलणं थोडं थोडं परत आलं. उजवी बाजू आली नाही, आणि गिळणं आलं नाही. नाकातून नळी घातली होती, तिच्यातून पेज आणि पाणी पोटात जायचं. गिळायचं शिकवायला एक थेरपिस्ट मुलगी घरी यायची. स्नेहल तिचं नाव, लातूरकडची. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, सगळ्यात अवघड असतं ते पाणी. घट्ट काही आलं तर घशाला कळतं, की आता गिळायचंय. पाणी कळायच्या आत पळतं. ते छातीत गेलं की न्युमोनिया. कितीही मागू द्या, पाणी तोंडानं द्यायचं नाही."

"पण पोटात तर जातंय ना पाणी? मग तहान कशी लागते?"

"तहान तोंडाला लागते, काकू," ती म्हणाली.

तो उन्हाळा नेहमीसारखाच असेल, मला मात्र त्याच्याइतका कोरडा दुसरा आठवत नाही. हॉलमध्ये आबांची कॉट होती, समोरच्या कोपऱ्यात माठ. आबा माठाकडं बघत राहायचे, म्हणून तो आत नेला. मग स्वयंपाकघरात कुणी भांडं बुडवलं तरी त्यांची मान तिकडं वळायची. आम्ही नवरा-बायको दार लावून पाणी प्यायला लागलो. संतोष, माझा नवरा, चाकणच्या एका कंपनीत आहे. सेकंड शिफ्ट करून आला की चप्पल काढायच्या आधी गटागट बाटली संपवायची त्याची सवय. तोसुद्धा जिन्यात पाणी पिऊन, तोंड पुसून घरात यायला लागला. चोरून दारू प्यावी तसं आम्ही चोरून पाणी पीत होतो.

तोंड कोरडं पडू नये म्हणून ओला कापूस ओठांवरून फिरवायचा असे. मी फिरवायला लागले की आबा डोळे मिटून घ्यायचे. सुनेनं तोंड पुसावं याची लाज. पण लाजेपेक्षा तहान मोठी होती. ते कापूस ओठात धरायचे आणि तान्ह्या बाळासारखे चोखायचे, डोळे तसेच घट्ट मिटलेले.

पुढं स्नेहल म्हणाली, आता पाणी घट्ट करून अर्धा चमचा देऊन बघू. त्यासाठी एक पावडर मिळते. ती पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत, जड होतं. आबांनी एक चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि डाव्या हातानं वाटी दूर ढकलली.

"खळ हाय ही," ते म्हणाले. "कागुद चिकटवायची."

झटक्यानंतरचं त्यांचं ते पहिलं सबंध वाक्य. संतोषला हसू आलं आणि हसता हसता तो आत निघून गेला.

दोनच दिवसांनी तो एका मोठ्या दुकानातून जेलीचं पाकीट घेऊन आला. बाहेरदेशचं पाकीट, वर थरथरणाऱ्या लाल डोंगराचं चित्र. "हे बघ," म्हणाला. "पाणीच आहे, पण पळत नाही."

खरं होतं ते. पदार्थाच्या अवस्था शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर तीन खाने आखते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, की मॅडम, जेली कुठल्या खान्यात? जेली जवळजवळ सगळी पाणीच असते. गरम पाण्यात जिलेटिनचे धागे सुटे होतात, सैरावैरा फिरतात. पाणी निवायला लागलं की त्यांची धावपळ मंदावते, ते एकमेकांत गुंततात, जागोजागी पीळ पडतात, आणि त्या जाळीत पाणी अडकून उभं राहतं. ते कुठं गेलेलं नसतं, तिथंच असतं. फक्त वाहायचं थांबतं. हे जिलेटिन येतं कुठून, तर जनावरांच्या कातड्यातून आणि हाडांतून. अंगाला अंग धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, तोच उकळून काढलेला. हे मला माहीत होतं. पाकिटातली पावडर उकळत्या पाण्यात ओतताना ते माझ्या मनात आलं नाही, एवढं खरं.

आबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, ती घातल्यापासून घरात मटण-अंडं आलेलं नाही.

जेली फ्रिजमध्ये दह्यासारखी लागली. ताटलीत काढत होते तेव्हा शेजारच्या शमीमभाभी आल्या. समोरच्याच दारात राहतात. त्यांच्या मिस्टरांचं आळंदी रस्त्याला रेडिएटर दुरुस्तीचं गॅरेज आहे. बार्शीच्या त्या, मराठी शाळेत शिकलेल्या. बोलता बोलता हिंदीत जातात आणि परत येतात. रोजे सुरू होते. इफ्तारला बर्फ हवा म्हणून आल्या होत्या. ओट्यावरचं पाकीट त्यांनी उलटून पाहिलं.

"वहिनी, हे आबांना दिलं?"

"आत्ता देतेय."

"यात हड्डी का रहता है. आमच्यात पण नाही चालत. कुठल्या जनावराचं, कसं कापलेलं, काय माहीत. मी पाकीट बघितल्याशिवाय मुलांना काही देत नाही."

माझ्या हातात ताटली तशीच राहिली. संतोष दारात उभा होता. तो म्हणाला, "औषध म्हणून द्यायचं. औषधाला काय सोवळं-ओवळं? आणि त्यांना कुठं कळणार आहे?"

"त्यांना सगळं कळतंय," मी म्हणाले. "खळ कळली ना?"

"मग विचार त्यांना. पण पाण्यासाठी माणूस असा तडफडलेला मला बघवत नाही." त्याचा आवाज चढला होता, डोळे भरले होते. तो बापावर चिडला होता, माळेवर चिडला होता, कशावर चिडला होता ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मी कॉटशी गेले. आबांना बसतं केलं, पाठीला उशा लावल्या. म्हणाले, "आबा, हे पाण्याचंच आहे. गिळता येईल कदाचित. पण यात जनावराच्या हाडाचं असतं. द्यायचं का नाही, तुम्ही सांगा."

त्यांनी ताटलीकडं पाहिलं. डावा हात वर उचलला, तो माळेवर गेला. मला वाटलं, आता मान हलवतील, नगं म्हणतील. बराच वेळ ते माळेचा एकेक मणी बोटानं सरकवत राहिले.

"लई तहान लागलीया गं," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

तो क्षण मी कुणाला सांगितलेला नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही, नुसतं एका म्हाताऱ्या माणसानं तोंड उघडलं. पण त्या उघडण्यात काय सुटत होतं ते मला दिसत होतं. चमचा माझ्या हातात होता. खोली इतकी तापलेली, की चमच्यावरची जेली कडांनी वितळायला लागली होती. एक लाल थेंब चादरीवर पडला.

"थांबा वहिनी," मागून शमीमभाभी म्हणाल्या. "आबा, आजच्या दिवस थांबता? मी देते तुम्हाला करून. चायना ग्रास, समुद्राच्या गवताचं असतं ते, आमच्या इफ्तारला रोज असतं. उसमें कुछ नहीं रहता."

मी चमचा मागं घेतला. आबांना ते लगेच कळलं नाही. क्षणभर त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

स्नेहलला फोन केला तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच. "काकू, जिलेटिनची नका देऊ! ती तोंडातल्या उबेनं वितळते. जिभेवर पाणीच होतं तिचं. दिली तर नाही ना?" नाही दिली, म्हणाले, आणि फोन ठेवून फरशीवरच बसले. जिलेटिनचं लागणं कच्चं असतं. थंडीनं बांधलेलं ते, माणसाच्या अंगाच्या उबेला सुटतं. चायना ग्रासचं तसं नाही. ते हाताला अजून कोमट लागत असतानाच घट्ट होतं, आणि एकदा झालं की आपला उन्हाळा त्याचं काही करू शकत नाही. पुन्हा पाणी व्हायला त्याला जवळजवळ उकळी लागते. हे पुस्तकात होतंच. मी कधी त्या धड्याकडं तहानेच्या बाजूनं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शमीमभाभी दुपारी आमच्या ओट्याशी यायला लागल्या. जुडी कात्रीनं कापायची, भिजत घालायची, मग उकळायची, अगदी एकही धागा दिसेनासा होईपर्यंत. "घाई केली तर चोथा राहतो," त्या सांगायच्या. गॅसपुढं घामानं त्यांचा दुपट्टा भिजायचा. पहाटेपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नसायचा. साखर किती झाली ते बघायला त्या चमचा माझ्यापुढं करायच्या. "तुम्ही चाखा. मला नाही चालत." मी चाखायची, आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या.

स्नेहलनं येऊन पाहिलं. बोटानं दाबून, चमच्यानं मोडून पाहिलं. त्याचे तुकडे पडतात ते तिला पसंत नव्हतं. मग आम्ही चायना ग्रास कमी घातलं, मऊ केलं, पुरणासारखं घोटलं. तिनं आबांना हनुवटी छातीकडं झुकवायला लावली, घशावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "आता गिळा." घसा वर गेला, खाली आला. आम्ही सगळे वाट बघत होतो. खोकला आला नाही.

"गोड हाय," आबा म्हणाले.

ते मिश्रण ताटात ओतलं की खिडकीच्या कट्ट्यावर निवायला ठेवायचं. आबांची कॉट तिथंच. एकदा मी लागलं का बघायला ताट तिरकं केलं, तर त्यांचा आवाज आला. "हलवू नगं." मी दचकले. "निवतंय तवर हात लावू नगं. मोडतं." आणि मग, एकेक शब्द ओढत, त्यांनी मला भट्टीचं सांगितलं. लालभडक लोखंड तेलात बुडवलं की फुसकारतं, टणक होतं, पण त्यातलं एखादं तडकतं. काही माल मात्र बाहेर काढायचा नाही, भट्टी बंद करून आतच ठेवायचा. भट्टी निवेल तसा तो निवतो. रात्र रात्र लागते. तो माल मऊ राहतो.

"तापवायला काय," ते म्हणाले, "कुनीबी तापवंल. निववायला माणूस लागतो."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. डोळे उघडे होते. चमचा पुढं केला तर आता मिटत नव्हते.

संध्याकाळी खाण्याची वेळ त्यांनीच ठरवली. पहिले दोन-तीन दिवस मी दुपारीच वाटी नेली, मग एकदा आबा म्हणाले, "तिनं खाल्लं का?"

"कुणी?"

"ती बाय. दिसभर पान्याबिगर हाय. तिला आदी खाऊ दे."

मग आम्ही बांग व्हायची वाट बघायला लागलो. सूर्य समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या सळयांमागं जायचा. वाटी माझ्या मांडीवर. आबा भिंतीकडं कान देऊन. पलीकडं भांड्यांचे आवाज, मुलांची गडबड, मग सगळं शांत, मग बांग. भाभींच्या घरातून खजुराचं डबडं उघडल्याचा आवाज आला की आबा म्हणायचे, "हां. दे आता." एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसं एकाच वेळी तहान मोडत होती. एक तहान घेतलेली, एक लादलेली. उजेड जाता जाता दोन्ही सारख्याच वाटायच्या.

मी ते दिवस सुखाचे म्हणते तेव्हा संतोष माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतो. पण होते ते सुखाचे. आबांचं वजन उतरत होतं, पाठीला फोड आला होता, नळी होतीच. तरी रोज एक वेळ अशी होती की घरातला कुणीही पाणी लपवत नव्हता.

त्या वर्षी ईद आणि अक्षय्यतृतीया, म्हणजे आमची आखिती, एकाच दिवशी आली.

सकाळीच नाना आले. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, चाकणच्या पुढं एका गावात राहतात. शेती थोडी राहिलीय, मुलगा आणि सून दोघं कंपनीत. आखितीला पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेलं नवं मडकं ठेवायचं असतं. ते दरवर्षी नानाच कुंभाराकडून घेऊन यायचे. या वेळीही एसटीतून मांडीवर धरून आणलेलं, सोबत रायवळ आंबे. आल्या आल्या त्यांनी मडकं धुतलं, भरलं, खिडकीखाली ठेवलं. नव्या मातीचा वास घरभर झाला. मडकं पाणी कसं गार करतं ते मी सातवीला शिकवते: मडक्याच्या अंगातून थोडं थोडं पाणी झिरपून उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. थोडं द्यायचं, मग उरलेलं निवतं.

दुपारी शमीमभाभी शीरखुर्म्याचं भांडं घेऊन दारात आल्या. नवा ड्रेस, हाताला मेंदी. आम्ही दारातच गळाभेट घेतली. त्यांच्या मुली, मागून त्यांच्या सासूबाई. मी आंब्याची पिशवी त्यांच्या हातात देत होते. संतोष खाली भाभींच्या मिस्टरांना ईद मुबारक करायला गेला होता. हॉलमध्ये दोघं भाऊच होते.

आतून खोकला ऐकू आला.

मी धावले तेव्हा नानांच्या हातात तांब्या होता. आबा खोकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छातीवरचा सदरा भिजला होता. मी त्यांना पुढं वाकवलं, पाठ चोळली. नाना नुसते उभे. "मागितलं त्यानं," म्हणत होते. "पानी मागितलं गं. आखितीचा दिस. पितरांस्नी पानी ठिवायचं आन् भाऊ तहानलेला? न्हाई कसं म्हनू?"

त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. नळी आहे, तोंडानं द्यायचं नाही, एवढं फोनवर कानावर घातलेलं असेल. पण समोर मोठा भाऊ पाणी मागतोय, तेव्हा फोनवरचं काय आठवतं?

खोकला हळूहळू थांबला. आबांनी मान मागं टाकली. मी तोंड पुसत होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. रागवावं तर कुणावर? इतका निवलेला चेहरा कित्येक दिवसांत मी पाहिला नव्हता.

"गार हाय," ते नानांना म्हणाले.

त्यांचं मला समजलेलं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी ताप भरला. मग धाप. मग दवाखाना, काचेचं दार, ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर म्हणाले, छातीत इन्फेक्शन आहे. मी विचारलं, पाण्यामुळं? ते म्हणाले, "असू शकतं. अशा पेशंटला स्वतःची लाळसुद्धा छातीत जाते. हे त्या पाण्यानंच झालं असं मी सांगू शकत नाही, आणि नाही झालं असंही नाही." तो माणूस खरं बोलला. मला त्या वेळी एक धड खोटं हवं होतं.

संतोषला त्या वाक्याचा अर्धाच भाग ऐकू आला. दवाखान्याच्या जिन्यात तो नानांना म्हणाला, "एवढा उन्हाळा आम्ही जपलं त्यांना. तुम्ही एका तांब्यात संपवलं." नाना टोपी हातात घेऊन पायरीवर बसून राहिले.

शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं, जवळच्यांनी पाणी घाला म्हणाले. तुळशीच्या पानानं एकेक थेंब. एवढे दिवस ज्याला बंदी होती, ते आता सगळ्यांनी रांगेनं द्यायचं होतं. संतोषनं घातलं, मी घातलं. शमीमभाभी काचेपलीकडं उभ्या होत्या, ओठ हलत होते. नानांना मी हाक मारली, तर ते लिफ्टजवळच्या भिंतीला पाठ लावून उभे होते आणि लहान मुलासारखी मान हलवत होते. ते आत आलेच नाहीत.

देह इंद्रायणीकाठी नेण्याआधी घरी आणला. मी पायांवर डोकं ठेवलं तेव्हा कपाळाला पाय गार लागले. सासऱ्यांच्या पायाला एरवी मी हात लावायची तो सणावारी, पटकन, वाकून. ते गार आहेत का गरम हे मला कधी कळलं नव्हतं. ऊब जाते म्हणजे ती नाहीशी होत नाही, आजूबाजूला पसरते, असं मी शिकवते. मी त्या खोलीत कुठं कुठं हात ठेवून पाहिला असता कुणास ठाऊक. बायकांनी मला उठवलं.

त्यानंतर नाना आमच्याकडं आले नाहीत. पहिल्या वर्षी आखितीला संतोषनं स्वतः मडकं आणलं. नानांना कुणी बोलावलं नाही, त्यांनी कुणाला विचारलं नाही. लग्नाकार्यात दिसले तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची सून एकदा बसमध्ये भेटली, म्हणाली, "मामंजी आता कुनाशी बोलतच न्हाईत, ताई. दुपारभर ओट्यावर बसत्यात." मी घरी येऊन संतोषला सांगितलं. तो मोबाइल बघत राहिला. राग त्याच्याकडून कधीच निघून गेला असावा. पण तो गेलाय हे कबूल करायला आधी बोलायला लागलं असतं.

यंदा पेपर तपासून झाले, निकाल लावून झाला, आणि एका सकाळी मी संतोषला म्हणाले, "मी आज नानांकडं जाऊन येते."

तो दाढी करत होता. आरशातून माझ्याकडं बघितलं. गालावरचा फेस पुसत म्हणाला, "चाकणच्या चौकात ट्रॅफिक असतं. लवकर नीघ."

मी गाडी काढली. चाकणच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपन्यांच्या पत्र्याच्या भिंती, कंटेनरची रांग, आणि मधेच एखादा कांद्याच्या रानाचा तुकडा राहिलेला. नाना ओट्यावर लिंबाच्या सावलीला होते. फार वाळले होते. मला बघून उठले, टोपी नीट केली. मी पाया पडले. "बरं हाय का?" म्हणाले. "बरं आहे," मी म्हणाले.

आमच्याकडं दारी आलेल्याला आधी पाणी देतात. बोलणं त्याच्यानंतर. नानांनी घराच्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग खाली. सून-मुलगा फर्स्ट शिफ्टला गेलेले.

"घरात कुनी न्हाई गं," ते म्हणाले.

"तुम्ही आहात की."

ते हलले नाहीत. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली. मी म्हणाले, "नाना, लांबून गाडीवर आलेय. तहान लागलीय."

ते उठले. आत गेले. मडक्यावरचं झाकण सरकवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत राहिले. ते दोन्ही हातांनी तांब्या धरून बाहेर आले, तरी पाणी काठावरून सांडत होतं आणि पायांजवळच्या धुळीत त्याचे गोल पडत होते. मी तांब्या घेतला आणि न थांबता सगळं पाणी प्यायले. नाना समोर उभे होते, श्वास धरून.

मी तांब्या खाली ठेवला. तोंड पुसलं. मला काही झालं नाही.

"आनू का अजून?" नानांनी विचारलं.

"आणा," मी म्हणाले.